अठ्ठावीस तास सगळ्यांनाच, मग तक्रार कसली?

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आधी एक सांगा, शाळेत तुम्ही कोणत्या तुकडीत होतात? अ मध्ये असाल तर तुम्हाला गणिताला बहुतेक शाळेतले नावाजलेले सर असतील. ड मध्ये असाल तर दरवर्षी कुणीतरी नवीन आलं असेल. आणि ते जरा रुळले की पुढच्या जूनमध्ये वरच्या तुकडीवर गेले असतील. हे आपोआप होत नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी स्टाफरूममध्ये वर्गवाटप होतं, तिथे ते ठरतं. मी सहा वर्षं एका माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे ही बैठक मी आतून पाहिली आहे.

आमची शाळा आठवी ते दहावी. प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या, म्हणजे बारा वर्ग. गणिताचे आठवड्याला सात तास. बारा गुणिले सात, ८४. गणिताला आम्ही तिघं होतो, म्हणजे प्रत्येकाला २८ तास. हिशोब इतका चोख की कुणी बोट ठेवू शकणार नाही. मी पहिल्यांदा कुरकुर केली तेव्हा आमचे ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, तास मोजा. तुम्हाला २८, मला २८.”

मोजले. खरंच २८ होते.

आता वर्ग बघा. सरांकडे दहावी अ, ब, क आणि नववी अ. दुसऱ्या मॅडमकडे आठवी अ, ब आणि नववी ब, क. माझ्याकडे आठवी क, आठवी ड, नववी ड, दहावी ड. तुकड्या मार्कांवर पाडलेल्या होत्या, त्यामुळे ड म्हणजे काय हे मुलांनाही माहीत होतं आणि शिपायालाही.

तास सारखे, पण तयारी? सर आणि मॅडम दोन इयत्तांची करायचे, मी तीन इयत्तांची. वह्या प्रत्येकाकडे अडीचशेच्या आसपास, पण अ तुकडीची वही बरोबरच्या खुणा करत मिनिटात हातावेगळी होते. ड मधल्या वहीत आधी शोधावं लागतं की मुलाचं नेमकं कुठे चुकलं, आणि बऱ्याचदा ते पाचवीतल्या अपूर्णांकांत चुकलेलं असतं.

सगळ्यात गंमत फेब्रुवारीत. दहावी परीक्षेला गेली की त्यांचे तास संपतात. सरांचे एकदम २१ तास मोकळे, माझे फक्त सात. पर्यवेक्षणाचं काम सगळ्यांनाच असतं, ते सोडा. पण आठवी-नववीचं वार्षिक परीक्षेपर्यंत चालूच. म्हणजे २८ हा आकडा जूनमध्ये खरा असतो, मार्चमध्ये नाही. वेळापत्रक वर्षातून एकदाच भिंतीवर लागतं, त्यामुळे हे कुणाला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग आधीच बोलायचं ना! इथे थोडं समजावून सांगते, कारण शिक्षक व्हायच्या तयारीत असलेले बरेच जण आपल्याला ऐकतात. अनुदानित शाळेत नवा माणूस आधी तीन वर्षं शिक्षण सेवक असतो, ठरावीक मानधनावर. माध्यमिकला ते २०२३ पासून १८ हजार झालं, माझ्या वेळी ८ हजार होतं. तीन वर्षं नीट गेली की मग वेतनश्रेणी. ‘नीट गेली’ हे कोण म्हणणार? ज्यांनी वर्ग वाटलेत तेच. अशा वेळी हातात आठवी ड आली तर माणूस “हो सर” म्हणतो आणि खडू उचलतो. मीही तेच केलं, तीनही वर्षं.

दुसरी गोष्ट निकालाची. दहावीचा निकाल शाळेच्या फलकावर लागतो, विषयवार. गणिताचे ४० मार्कांचे दोन पेपर आणि २० मार्क अंतर्गत. पालक बघतात, संस्थाचालक बघतात, गोपनीय अहवालातही त्याचा उल्लेख येतो. सरांच्या तीन वर्गांचा निकाल नव्वदीच्या पुढे, माझ्या दहावी डचा पासष्टच्या आसपास. मग पुढच्या जूनमध्ये काय म्हणायचं? ज्यांचा निकाल चांगला त्यांना अ तुकडी! अ तुकडी मिळते म्हणून निकाल चांगला, निकाल चांगला म्हणून अ तुकडी. या चक्रात नवा माणूस शिरणार कुठून?

सेवाज्येष्ठता यादी असते ती बढतीसाठी, मुख्याध्यापकपदासाठी, पदं कमी झाली तर अतिरिक्त कोण हे ठरवण्यासाठी. दहावी अ कोणाला द्यायची यासाठी ती वापरणं हा निव्वळ आमच्या स्टाफरूमचा रिवाज होता. आणि अतिरिक्तचा विषय निघालाच आहे तर एक ऐका. संचमान्यतेत शिक्षकांची पदं विद्यार्थिसंख्येवर ठरतात. शाळा सोडून जाणारी मुलं कुठली असतात? अ तुकडीतली नक्कीच नाहीत. ड मधली दहा-बारा मुलं गळाली आणि पटसंख्या घसरून एक पद गेलं, तर बाहेर पडणार सगळ्यात कनिष्ठ शिक्षक, म्हणजे बहुधा त्याच ड तुकडीचा.

चौथ्या वर्षी, वेतनश्रेणी मिळाल्यावर (होय, त्याआधी नाही), मी एक कागद घेऊन बैठकीला गेले. प्रस्ताव सोपा होता. तीन शिक्षक, तीन इयत्ता. प्रत्येकाने एक पूर्ण इयत्ता घ्यायची, अ ते ड, आणि मुलांबरोबर वर चढायचं. आठवी, नववी, दहावी, मग पुन्हा आठवी. तयारी एकाच इयत्तेची. दर तीन वर्षांनी प्रत्येकाला दहावी. आणि ड तुकडी कच्ची राहिली तर “आठवीत कुणी शिकवलं यांना?” असं विचारायची सोय नाही, कारण आपणच शिकवलेलं.

सर चिडले नाहीत, हे मला आजही आठवतं. म्हणाले, “मॅडम, मी पहिली बारा वर्षं ड तुकडीच घेतली. तेव्हा मला कुणी कागद करू दिला नाही.” मग म्हणाले, “आणि एखाद्या बॅचला कच्चा शिक्षक मिळाला तर तीन वर्षं तोच. त्या पोरांचं काय?” पहिल्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर होतं. दुसऱ्यावर तेव्हाही नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं नाही.

मुख्याध्यापकांनी नेहमीसारखा मधला मार्ग काढला. एकच अदलाबदल: दहावी ड सरांकडे, दहावी क माझ्याकडे. मला वाटलं, एवढंच? पण दिवाळीच्या सुट्टीआधी सर माझ्या टेबलाशी आले आणि हळूच विचारलं, “आठवी डला अपूर्णांकांचे कागद द्यायचात ना तुम्ही, त्यातले आहेत का शिल्लक?” मी गठ्ठाच दिला. नंतर शाळा भरायच्या आधी अर्धा तास ते दहावी डला घेऊन बसायचे. त्या वर्षी डचा निकाल थोडा वर गेला आणि सरांचा एकूण निकाल थोडा खाली आला. फलकाकडे बघत ते एवढंच म्हणाले, “हे आधी कळलं असतं तर...” आणि चहाला गेले.

इथे थांबले असते तर मी या गोष्टीची नायिका झाले असते, पण पुढचंही सांगते. सहाव्या वर्षी दुसऱ्या मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी एक तरुण सर आले, शिक्षण सेवक. मुख्याध्यापक मला म्हणाले, वाटपाचा कच्चा कागद तुम्हीच करा. मी केला, पेन्सिलीने, दहा मिनिटांत. आठवी ड, नववी ड, दोन्हींसमोर त्यांचं नाव. माझ्यासमोर दहावी अ. वाईट हेतू काहीच नव्हता. ‘ते नवीन आहेत, रुळू देत आधी’ एवढंच डोक्यात. कागद द्यायला उठले तेव्हा ते सर दारातच उभे होते. म्हणाले, “मॅडम, मला कुठलेही वर्ग चालतील.”

मी परत बसले. खोडरबर सापडेना, शेवटी खाडाखोड करूनच कागद दिला. दहावी अ माझ्याकडेच राहिली, पण त्या वर्षी नववी ड मी घेतली. आठवी ड मात्र त्यांनाच गेली.

तुमच्या शाळेत, कॉलेजात किंवा ऑफिसातसुद्धा नव्या माणसाला काय दिलं जातं, हे व्हॉइस नोटवर सांगा. एक मिनिटाच्या आत, प्लीज. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. भेटूया!