दाते चुकले तर इंजिन जाऊ शकतं! कॅमशाफ्ट बसवण्यात एवढं काय अवघड असतं?

जोरदार पाऊस झाला की मालाड सबवे पाण्याखाली गेल्याचे व्हिडिओ फोनवर येतातच. त्यात एखादी कार मधेच बंद पडलेली असते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की विषय गंभीर होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी टो होऊन थेट गॅरेजला.

तिथे इंजिनचं हेड खोलतात. आजच्या बहुतेक गाड्यांत हेड खोलायचं म्हणजे कॅमशाफ्टला हात लावणं आलंच. रॉड नवा मिळतो, पण खरी धोक्याची जागा आहे ती सगळं परत जोडताना.

कॅमशाफ्ट म्हणजे ठिकठिकाणी उंचवटे असलेला दांडा. तो फिरताना हे उंचवटे वॉल्व्ह उघडतात, त्यातून हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की हा एकदा फिरतो. इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा वॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ही वेळ टायमिंग बेल्ट किंवा चेन सांभाळते.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला हा ताप नव्हता. तिचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये होता, त्यामुळे हेड काढून बसवलं तरी टायमिंग हलत नसे. 1983 मध्ये मारुती 800 आली ती मात्र हेडमध्ये कॅमशाफ्ट आणि बेल्ट घेऊनच.

आता बसवण्याचं बघू. शाफ्टला आधी ऑइल लावतात, कारण पहिल्या काही फेऱ्यांत पंपाचं ऑइल वर पोचलेलं नसतं. मग त्याला धरून ठेवणाऱ्या कॅप येतात. त्यांच्यावर नंबर आणि बाण असतो, अदलाबदल चालत नाही. घाईत इथेच चूक होते. काही वॉल्व्हच्या स्प्रिंगा खालून शाफ्टला वर ढकलत असतात. एका टोकाचे बोल्ट आधीच करकचून आवळले तर शाफ्ट वाकतो किंवा सरळ तुटतो. म्हणून सगळे बोल्ट थोडे थोडे, कंपनीने दिलेल्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने.

मग टायमिंगच्या खुणा. कॅमच्या पुलीला 40 दाते असतील तर बेल्ट एक दात चुकला की शाफ्ट 9 अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबाने 18 अंश. गाडी थरथरते, ओढत नाही. दोन-तीन दाते चुकले तर काही इंजिनांत पहिल्याच स्टार्टला पिस्टन वॉल्व्हवर आपटतो, आणि हेड परत खोलायची वेळ येते.

हे टाळायचा उपाय फुकट आहे. चावी लावण्याआधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन वेळा फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का बघायच्या. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं. हाताला अडथळा कळतो, स्टार्टर मोटरला नाही. गाडी ताब्यात घेताना गॅरेजवाल्या दादांना एवढंच विचारा: दोन फेऱ्या हाताने मारून बघितल्या का, आणि बेल्ट जुनाच घातला की नवा?