'कबुली दिली' असं म्हणतंय कोण?

आज बोलूया क्राइमच्या बातमीवर, म्हणजे फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जोरात पळते त्या बातमीवर.

१६ मे २००८. नोएडात आरुषी तलवार या १३ वर्षांच्या मुलीचा खून झाला. घरकामाला राहणारा माणूस गायब, म्हणून पोलिसांचा संशय त्याच्यावर. झालं, बातम्यांमध्ये तोच खुनी! दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. गच्चीला कुलूप होतं, पोलिसांनी ते आदल्या दिवशी उघडलंच नव्हतं. म्हणजे संशय होता पोलिसांचा, पण वाचणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा निकाल झाला होता.

म्हणून मी बातमीत आधी एकच गोष्ट शोधतो: हे सांगतंय कोण? 'सूत्रांच्या माहितीनुसार' असेल, तर बहुतेक वेळा ती पोलिसांचीच बाजू असते, फक्त नाव न घेता.

आता आपल्या पेपरांचं लाडकं वाक्य घ्या: 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' कुणापुढे दिली? पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालतच नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ आहे. मकोकासारखे अपवाद आहेत, आणि कबुलीतून एखादं हत्यार वगैरे सापडलं तर तेवढा भाग चालतो. पण हेडलाइनीत हे कुठे येतं?

एफआयआर तर तुम्ही मोबाइलवरच बघू शकता. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार पोलिसांनी तो साधारण २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा असतो. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडून. बातमीशी ताडून बघा, मजा येते. अर्थात एफआयआर ही तक्रार असते, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

राहिला प्रश्न, कुठली बातमी मोठी होते याचा. नोएडात खून दोन झाले होते, पण सगळा देश ती केस एकाच नावाने ओळखतो. सुशिक्षित डॉक्टरांचं घर, दिल्लीचे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कॅमेरे कुणाकडे वळणार हे ठरलेलंच. आई-वडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली, १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. गच्चीवर सापडलेल्या त्या माणसाच्या घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे विचारायला किती कॅमेरे गेले?