निद्रिस्त कुत्र्याची स्वप्ने

ओसरीवर गाढ झोपलेला कुत्रा आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. प्रथम त्याचा श्वास संथपणे चालू असतो. काही वेळाने तो अनियमित होतो, मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे हलू लागतात, मिशा थरथरतात, पाय पळत असल्यासारखे झटके देतात आणि घशातून दबलेला, अस्फुट असा भुंकण्याचा आवाज निघतो. पाहणारा सहजच म्हणतो, "याला स्वप्न पडते आहे." हे म्हणणे कितपत खरे आहे?

ही समजूत फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने, कुत्रे झोपेत भुंकतात त्याअर्थी त्यांनाही स्वप्ने पडत असली पाहिजेत, असे लिहून ठेवले. परंतु केवळ हालचालींवरून केलेले अनुमान शास्त्राला पुरेसे होत नाही. आईच्या कुशीत झोपलेल्या, डोळेही न उघडलेल्या पिलांचे पाय कितीतरी अधिक झटके देत असतात. ज्यांनी अद्याप जग पाहिलेच नाही, ती पिले कसली शिकार करीत असणार? म्हणून हालचालींहून अधिक खोलवर शोध घेणे भाग होते.

मिटल्या पापण्यांआडची हालचाल

इ. स. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, मनुष्याच्या झोपेत ठराविक अंतराने असे कालखंड येतात की ज्यांत डोळे जलद गतीने फिरतात. अशा वेळी जागे केलेल्या बहुतेक व्यक्तींनी आपणांस स्वप्न पडत होते असे सांगितले. या अवस्थेस आपण 'जलद नेत्रगतीची निद्रा' म्हणू. स्वप्ने इतर वेळीही पडतात, हे पुढे आढळून आले. तथापि सुस्पष्ट स्वप्नांचा या अवस्थेशी निकटचा संबंध आहे. कुत्रा, मांजर, उंदीर इत्यादी सस्तन प्राण्यांतही हीच अवस्था आढळते.

या अवस्थेत मेंदू जागृतावस्थेइतकाच कार्यरत असतो. शरीराचे स्नायू मात्र शिथिल पडतात. मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञा जणू वाटेतच अडवून धरतो. फ्रान्समधील लिआँ येथे मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतील याच भागाला इजा करून पाहिली आणि 1965 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती मांजरे झोपेतच उठत, दबा धरीत आणि समोर काहीही नसताना झडप घालीत. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जीवांनी मोजली, हे विसरून चालणार नाही. आपला कुत्रा झोपेत उठून धावत सुटत नाही, त्याचे पाय केवळ थरथरतात, याचे कारण हाच अडसर होय.

उंदराने पुन्हा चाललेली वाट

मात्र त्या वेळी मेंदूत काय चालते, याचा सर्वांत बोलका पुरावा उंदरांकडून मिळाला. मेंदूच्या हिप्पोकँपस नावाच्या भागात अशा मज्जापेशी असतात की, त्यांपैकी प्रत्येक पेशी प्राणी एका विशिष्ट जागी आला म्हणजे उद्दीपित होते. उंदीर वाटेने चालू लागला की या पेशी ठराविक क्रमाने उद्दीपित होत जातात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत केनवे लुई व मॅथ्यू विल्सन यांनी उंदरांना वर्तुळाकार मार्गावर अन्नासाठी धावावयास लावले आणि नंतर ते झोपले असता त्याच पेशींचे विद्युत्संदेश नोंदले. जलद नेत्रगतीच्या सुमारे निम्म्या कालखंडांत धावतानाचाच क्रम, जवळजवळ त्याच गतीने, पुन्हा उमटलेला दिसला. हे संशोधन 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

कुत्र्यांवर असा प्रयोग करण्यासाठी मेंदूत तारा बसवाव्या लागतील. त्याऐवजी हंगेरीतील बुडापेस्टच्या संशोधकांनी कातडीवर केवळ विद्युदग्रे लावून पाळीव कुत्र्यांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात, बसणे व आडवे होणे या ओळखीच्या क्रियांसाठी कुत्र्यांना नवीन इंग्रजी शब्द शिकविण्यात आले. त्यानंतर तीन तास झोप झाल्यावर त्यांची कामगिरी सुधारली आणि निद्रेतील मेंदूच्या लहरींतही बदल दिसून आला. दिवसा शिकलेले झोपेत मुरते, हे मनुष्याप्रमाणेच कुत्र्याच्याही बाबतीत खरे दिसते.

शास्त्राची मर्यादा

तर मग कुत्रा कशाची स्वप्ने पाहतो? त्याच्या दिवसाची: धन्याची चाहूल, शेजारची मांजर, अन्नाची थाळी यांची. असे मानावयास सबळ आधार आहे. कुत्र्याचे जग आपल्यापेक्षा कितीतरी अधिक गंधाने भरलेले असते; तेव्हा त्याचे स्वप्न हे दृश्यापेक्षा वासांचे असणे संभवनीय आहे. परंतु मेंदूत क्रम पुन्हा उमटणे आणि स्वप्नाचा अनुभव येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मनुष्य जागा होऊन आपले स्वप्न सांगतो. कुत्र्याला ते सांगता येत नाही. पहिली गोष्ट यंत्राने मोजता येते. दुसरीविषयी आपण केवळ साधार अनुमान करू शकतो.

एवढे मात्र निश्चित की, ती झोप रिकामी नसते. म्हणून झोपेत पाय झटकणाऱ्या कुत्र्याला हात लावून दचकवू नये; गोंधळलेला प्राणी ओळखीच्या माणसासही चावण्याचा संभव असतो. उठविणे अगदी आवश्यकच असेल, तर दुरूनच त्याच्या नावाने हळू हाक मारावी. एरवी त्याची झोप त्याच्यापाशीच राहू द्यावी.