कोरपन्याहून एका दिवसात : गोंड राजांची नगरी आणि आपले कॅथेड्रल

रोम किंवा लिस्बनच्या यात्रेत एक दिवस मार्गदर्शकासोबत राजवाडे व प्राचीन देवालये पाहण्यासाठी राखलेला असतो. असा प्रवास सर्वांनाच परवडतो असे नाही. कोरपना परिसरातील भाविकांना मात्र तसा दिवस जवळच घालविता येतो, आणि गंमत अशी की आपल्या पणजोबांच्या दृष्टीने तोही परमुलखाचाच प्रवास होता! इंग्रजांच्या काळात कोरपना-राजुऱ्याचा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. वर्धा नदी ओलांडली की इंग्रजी अंमल सुरू होई. राजुरा तालुका चांदा जिल्ह्यात आला तो १९५९ साली.

नदीपलीकडे प्रथम बल्लारपूर लागते. येथील संत थॉमस कॅथेड्रलमध्ये मिस्सा अर्पून दिवसाचा प्रारंभ करावा, असे आम्ही सुचवू. १९६२ मध्ये चांदा हे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले व १९७७ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. १९९९ मध्ये आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आपली धर्मसीमा नदीच्या दोन्ही तीरांवर दूरवर पसरलेली होती. गोंड राज्यही तसेच होते.

खांडक्या बल्लाळशहा त्वचारोगाने त्रस्त होता. राणीच्या सल्ल्याने सिरपूर सोडून त्याने वर्धेच्या काठी बल्लारपूरचा किल्ला उभारला, असे परंपरा सांगते. पुढे झरपट नदीच्या कोरड्या पात्रात सापडलेल्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाली. तेथेच अचलेश्वराचे मंदिर आणि चांदा नगरी उभी राहिली. ही आख्यायिका असली तरी मार्गदर्शकाकडून ती अवश्य ऐकावी. याच बल्लारपूरच्या किल्ल्यात शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा भोसल्यांच्या कैदेत होता. १७५१ मध्ये हे राज्य संपले.

चंद्रपुरात जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशींवरील हत्ती-सिंहाचे राजचिन्ह निरखून पाहावे. खरा वेळ द्यावा तो राणी हिराईला. पती बीरशहाच्या हत्येनंतर तिने त्याची समाधी बांधली. महाकाली मंदिरही तिचेच. वैधव्यात राज्य सांभाळणाऱ्या या स्त्रीविषयी आपल्या मुलांना पोर्तुगालच्या राजांइतकीही माहिती नसते, याचे आम्हांला वाईट वाटते. गोंड बांधव तर आपले शेजारीच आहेत.

मंदिरात जावे की नाही, अशी शंका काहीजण विचारतात. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्येच ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगितले आहे. पादत्राणे बाहेर काढावीत, पूजा सुरू असल्यास शांत उभे राहावे, छायाचित्र विचारूनच घ्यावे. चैत्र पौर्णिमेला महाकालीची मोठी यात्रा भरते. केवळ पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी ते दिवस टाळलेले बरे.

दुपार उतरल्यावर परकोट पाहावा. झाडाझुडपांत हरवलेल्या या तटाची स्वच्छता ‘इको-प्रो’च्या स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये हाती घेतली, म्हणून त्यावरून आज चालता येते. माणिकगड याच दिवशी उरकू नये. गडचांदुराच्या पुढील त्या डोंगरी किल्ल्यासाठी वेगळा दिवस हवा, आणि तोही पावसाळा सोडून.