आठ गुणांचा प्रश्न

लीड्स, जून




इथल्या शाळांमध्ये सध्या परीक्षांचे दिवस आहेत. खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये एकेकटी बाकं ओळीनं मांडली आहेत आणि सोळा वर्षांची मुलं पारदर्शक पिशवीत काळ्या शाईची पेनं घेऊन आत जाताना दिसतात. ही जीसीएसई परीक्षा. मानानं आणि धास्तीनं ती आपल्या दहावीसारखीच. गेली दोन वर्षं दर बुधवारी दुपारी मी एका शाळेत इंग्रजीत मागे पडलेल्या मुलांबरोबर वाचायला बसते. त्यामुळे या परीक्षेतला एक प्रश्न मला अगदी जवळून पाहायला मिळाला. आज त्याच्याविषयीच लिहिते आहे.

इथे परीक्षा घेणारी मंडळं अनेक आहेत. त्यांतल्या एक्यूए या मोठ्या मंडळाची इंग्रजी भाषेची पहिली प्रश्नपत्रिका पावणेदोन तासांची, 80 गुणांची असते. मुलांनी पूर्वी न वाचलेला, कथेतला किंवा कादंबरीतला एक उतारा समोर येतो. दुसऱ्या प्रश्नात त्यातल्या थोड्या ओळी पुन्हा छापून विचारतात : इथे लेखकानं अमुक गोष्टीचं वर्णन करताना भाषा कशी वापरली आहे? लेखक काय सांगतो ते लिहिलं की भागत नाही. शब्दांची निवड, भाषेच्या लकबी, वाक्यांची घडण यांतून तो ते कसं साधतो, हे सांगायचं. गुण 8, वेळ जेमतेम दहा मिनिटं.

अशा प्रश्नाला पाठांतर चालत नाही, असं मला वाटे. पण परीक्षा म्हटली की साचा येतोच. इथल्या साच्याचं नाव ‘पी-ई-ई’ : पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लेन. आधी मुद्दा, मग उताऱ्यातले शब्द अवतरणचिन्हांत, मग स्पष्टीकरण. गोंधळलेल्या मुलाला धरायला हा कठडा बरा असतो, पण तो सुटता सुटत नाही. मग दर परिच्छेदाच्या शेवटी तेच वाक्य येतं, की यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं. हे वाक्य जगातल्या कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं, म्हणून कुठल्याच पुस्तकाबद्दल ते काही सांगत नाही. दुसरा रोग अलंकार टिपण्याचा. इथे ‘सिमिली’ आहे, तिथे ‘मेटाफर’ आहे, एवढं लिहून मूल पुढे सरकतं. शिक्षक त्याला ‘फीचर स्पॉटिंग’ म्हणतात आणि त्याला गुण जवळजवळ मिळत नाहीत. नाव ठाऊक असणं चांगलंच, पण गुण आहेत ते त्या उपमेनं तिथे काय केलं हे सांगण्याला.

हे शिकवायचं कसं, ते मी एका तरुण शिक्षिकेकडून पाहिलं. त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता. तिनं उतारा बाजूला ठेवला आणि विचारलं, “तुमच्या आज्या या पावसाला काय म्हणतात?” मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सायलिंग, मिस.” यॉर्कशरच्या बोलीतला हा शब्द. पाऊस ‘सायल’ होतोय, म्हणजे मुसळधार कोसळतोय. शिक्षिकेनं सांगितलं, याच क्रियापदाचा जुना अर्थ गाळणं. इकडच्या गवळीघरांत दूध ‘सायल’ करत. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आभाळ गाळणीसारखं झालंय, मिस?” पाठोपाठ ‘नीदर्ड’ हा शब्द आला. थंडीनं पार गारठलेल्या माणसाला इथे ‘नीदर्ड’ म्हणतात. तो आणि नुसता ‘कोल्ड’ यांत फरक काय? कोल्ड चहासुद्धा असतो, पण नीदर्ड फक्त माणूस होतो, असं एकानं सांगितलं. हे आठ गुणांचंच उत्तर होतं, फक्त ते लिहायचं असतं याची त्या मुलाला कल्पना नव्हती.

मग तिनं फळ्यावर स्वतःचंच एक वाक्य लिहिलं : म्हातारा खोलीत… आणि क्रियापदाची जागा मोकळी सोडली. मुलांनी ती भरली. कुणी ‘वॉक्ड’ म्हणालं, कुणी ‘क्रेप्ट’, कुणी ‘शफल्ड’. आपण मराठीत आला, चोरपावलांनी शिरला, पाय ओढत आला असं म्हणू. सायलिंगवाला मुलगा म्हणाला, “क्रेप्टमध्ये त्याला वाटतंय, मला कुणी पाहू नये. शफल्डमध्ये कोण पाहतंय याची त्याला पर्वाच नाही, त्याचे गुडघे दुखतायत.” शब्द काढा, दुसरा घाला आणि काय हरवलं ते पाहा, एवढीच ती रीत. मला त्या दिवसापासून साच्यापेक्षा तीच जास्त भरवशाची वाटते. घरी आल्यावर मी मराठीत करून पाहिली. ‘म्हातारी ओट्यावर बसली’ आणि ‘म्हातारी ओट्यावर टेकली’. टेकलीमध्ये लांबची चाल आहे, आणि तिला लवकरच पुन्हा उठायचंय हेही आहे.

लेखकाच्या नावावर न जाता नुसत्या शब्दांकडे पाहण्याच्या या पद्धतीला या देशात बळ दिलं ते केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌स यांनी. 1920च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नावाशिवाय कविता दिल्या आणि लेखी मतं मागवली. तेरा कवितांवरच्या त्या उत्तरांचं पुस्तक, ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’, 1929मध्ये निघालं. साहित्य शिकणाऱ्या हुशार मुलांनीही कविता किती चुकीच्या वाचल्या, हे त्यात उघड झालं. एकदा कवीचं नाव काढून घेतलं की आदरानं डोलायची सोय राहत नाही, शब्दच वाचावे लागतात.

आपल्या दहावीच्या मराठीत रसग्रहण आहे : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. प्रश्न तोच, आणि मला तो मनापासून आवडतो. पण कविता पाठ्यपुस्तकातली असल्यानं तिचं रसग्रहण गाईडात तयार मिळतं, आणि मुलाला त्या ओळींसमोर एकटं उभं राहावं लागत नाही. मी शाळेत असताना अलंकार धडाधड ओळखत असे. रूपक म्हटलं की गुण मिळे आणि विचार तिथेच थांबे. न वाचलेल्या चार ओळी समोर ठेवून हा शब्द इथे का, असं कुणी विचारलं असतं तर मी वाचायला दहा वर्षं आधी शिकले असते.

इथे 2017पासून इंग्रजीला 9 ते 1 अशा श्रेणी मिळतात. चौथी श्रेणी म्हणजे सर्वसाधारण उत्तीर्ण. ती हुकली तर पुढे गवंडीकाम शिका नाहीतर केशकर्तन, इंग्रजी अठराव्या वर्षापर्यंत सुटत नाही. तिसरी श्रेणी मिळालेल्यांना तर हीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पुन्हा पुन्हा नापास होऊन खचलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे पाहून हा नियम मला निर्दय वाटतो. तरी छप्पर शाकारणाऱ्या मुलालाही एखादं क्रियापद उलटंपालटं करून पाहता यावं, ही त्यामागची अपेक्षा मला सोडवत नाही.

सायलिंगवाल्या मुलाचे वडील छपरांचंच काम करतात, आणि त्यालाही तेच करायचंय. पहिल्या पेपराच्या दिवशी मी फाटकापाशी थांबले होते. तो बाहेर आला तो वैतागलेलाच. चौथा प्रश्न 20 गुणांचा, आणि त्याला वेळच पुरला नव्हता. “का रे?” मी विचारलं. म्हणाला, “दुसऱ्यात एक शब्द होता, मिस. त्याच्या जागी दुसरा बसेचना. दीड पान त्याच्यावरच गेलं.”

निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी लागेल.