नोकरी परमनंट शे का?

कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले की होस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडतात. घरून फोन येतो, "नोकरी परमनंट शे का?" आणि शेजारच्या रूममधला सीनियर सांगतो, "एक वर्ष काढ भो, मग उडी मार. पगार उडीनेच वाढतो." ज्याच्या फीसाठी घरच्यांनी कर्ज काढलंय, त्याने ऐकायचं कोणाचं?

थोडं थोडं दोघांचंही खरं आहे. भुसावळच्या लोको शेडचं उदाहरण घ्या. आज इंजिनाची मोटर दुरुस्त करून पाठवली. काम पक्कं झालं की नुसतं ढकललं, हे ते इंजिन पुन्हा शेडमध्ये येईल तेव्हा कळणार! तोवर आपण तिथे असायला हवं. आपली चूक आपल्यासमोर परत आली की माणूस शिकतो. दर आठ महिन्यांनी नोकरी सोडणाऱ्याने चार कंपन्यांत सुरुवातीचंच काम चारदा केलेलं असतं. मोठी जबाबदारी देताना साहेबही आधी बघतो, हा टिकेल का?

पण दुसरी बाजूही आहे. नोकरी पक्की झाली म्हणून शिकणं बंद केलं, तर बढतीच्या वेळी आपण तिथेच राहतो आणि कालचा ज्युनियर पुढे जातो.

मग टिकायचं कशात? आपल्या जळगावचे भवरलाल जैन पहा. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. सरकारी अधिकारी होण्याची संधी हाती असताना आईच्या सल्ल्याने ती सोडली आणि 1963 मध्ये घरातल्या 7000 रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे शेतीची अवजारं, पाइप, ठिबक... पक्की नोकरी सोडली, पण शेतीचं क्षेत्र धरून ठेवलं. 1990 च्या दशकात फायनान्ससारख्या वेगळ्या धंद्यांत शिरले, तेव्हा तोटा झाला आणि पुन्हा शेतीकडेच वळावं लागलं. 2016 मध्ये ते वारले, तेव्हा ठिबक म्हटलं की जळगाव, अशी ओळख झालेली होती.

म्हणजे नोकरी बदलली तरी चालेल, विषय दर वेळी बदलू नये. पहिल्या ठिकाणी निदान एक काम सुरुवातीपासून तक्रार येईपर्यंत बघा, मगच राजीनामा लिहा. नवी नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचारा, की आत्ता येतं त्याच्या पुढचं काम मिळेल का?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. नोकरी बदलताना पीएफ काढून मोबाईल घेऊ नका! जुनं खातं त्याच यूएएनवर वर्ग करा. पीएफबरोबर पेन्शन योजना लागू असेल, तर पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते आणि वेगवेगळ्या कंपन्यांतली वर्षं त्यात जोडली जातात.

आता घरून फोन आला तर हे सगळं नीट समजावून सांगा. बघा, पटतंय का!