खानदेशचा उन्हाळा आणि डोळ्यातले भिंग

आपल्या देहातील बहुतेक द्रव्य जुने टाकून नवे घेत असते; रक्त, त्वचा, फार काय अस्थीसुद्धा या वहिवाटीला अपवाद नाहीत. डोळ्यातील भिंगाचा गाभा मात्र, मातेच्या उदरात जो घडला तोच, त्याच प्रथिनांसह, स्मशानापर्यंत आपली सोबत करतो. याचा दाखला डेन्मार्कच्या संशोधकांनी २००८ साली दिला. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा अंश भिंगाच्या प्रथिनांत मोजून त्यांनी मृत व्यक्तींच्या जन्मवर्षाचा अदमास बांधला. पुढे याच युक्तीने ग्रीनलंडच्या शार्क माशाचे वय काढले गेले, ते शतकांच्या हिशेबात निघाले.

रचनेचा तपशील वाचकांस ठाऊक असल्याने आटोपता घेतो. भिंगात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश प्रथिने. प्रथिनांचा एवढा दाट साठा शरीरात अन्यत्र नाही. म्योर्नर याने १८९४ साली या प्रथिनांची प्रतवारी लावण्यास आरंभ केला, आणि आज आपण त्यांत आल्फा, बीटा, गॅमा अशी तीन क्रिस्टलिने मानतो. जन्मसमयी सुमारे ६५ मिलिग्रॅमचे भिंग उतारवयात अडीचशेच्या घरात जाते, कारण बाहेरून नवे तंतू चढत राहतात आणि आतला एकही निघून जात नाही. वयाबरोबर आत पोटॅशियम व बाहेर सोडियम हा बंदोबस्त ढिला होतो, ग्लुटाथायोन गाभ्यापर्यंत पोहोचेनासे होते, मधुमेह्यांच्या भिंगात सॉर्बिटॉल साठते. यांवर पाठ्यपुस्तके भरली आहेत. उतारवयात भिंगाला येणाऱ्या पिवळेपणाविषयी एवढेच, की तव्यावरच्या भाकरीला तांबूस डाग पाडणारी शर्करा-प्रथिनांची प्रक्रिया भिंगात ३७ अंशांवर पन्नास-साठ वर्षे मंदपणे चाललेली असते, आणि ट्रिप्टोफॅनपासून उपजणारी किन्युरेनिने तिच्यात भर घालतात.

माझे चित्त गुंतले ते उष्णतेने भिंग लवकर बिघडते काय, या प्रश्नात. १९९२ साली जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवून दिले की आल्फा क्रिस्टलिन हे नुसते भरावाचे प्रथिन नसून, घडी मोडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवणारे, त्यांचे गोळे होऊ न देणारे रक्षक आहे. पण हा रक्षक कामातच खर्ची पडतो. चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास गाभ्यातील विरघळणारे आल्फा क्रिस्टलिन जवळजवळ संपलेले असते, आणि नेमक्या त्याच वयात आपण पोथी हातभर लांब धरू लागतो. प्रयोगशाळेत भिंग तापविले असता हाच ऱ्हास अल्पकाळात घडतो, आणि उष्ण मुलखांत चाळिशीचा चष्मा लवकर लागतो अशी निरीक्षणेही आहेत.

दुसरी गोष्ट युरियाची. १८२८ साली व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया केला, ही कथा सांगितल्यावाचून रसायनाच्या अध्यापकाचे वर्ष पुरे होत नाही. परंतु ती प्रक्रिया उलटही चालते आणि युरियाच्या द्रावणात सायनेटचा अंश सदैव असतो, हे सांगण्याचे कष्ट थोडेच घेतात. अतिसाराने वा उष्माघाताने देह शुष्क झाला की रक्तात युरिया चढतो आणि त्याबरोबर सायनेट. ते प्रथिनातील लायसिनला चिकटले की तेथील धन विद्युत्भार नाहीसा होतो, घडी उलगडते, आतले गंधकाचे गट उघडे पडून परस्परांशी बांधले जातात आणि भिंग गढुळते, म्हणजेच मोतीबिंदू होतो. ऑक्सफर्डच्या जॉन हार्डिंग यांनी ही विचारसरणी नेटाने मांडली, आणि १९८४ साली मिनासियन, मेहरा व जोन्स यांनी रायपूरकडील रुग्णांच्या पाहणीवरून, प्राणावर बेतलेला अतिसार वा उष्माघात होऊन गेलेल्यांत मोतीबिंदूचा धोका अधिक, असे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. पारा पंचेचाळीस अंशांवर असता रावेर-चोपड्याच्या बागांत केळीचे घड कापणाऱ्या आणि शिरपूरकडे मे महिन्यात सरकी टोबणाऱ्या मजुराला हा निबंध परका वाटण्याचे कारण नाही.

काही विद्वान सगळा दोष सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर लादून मोकळे होतात आणि चेसापीक उपसागरातील नावाड्यांची १९८८ची पाहणी पुढे करतात. त्याच पाहणीत अतिनील किरणांचा संबंध भिंगाच्या बाह्यस्तरातील मोतीबिंदूशी आढळला, गाभ्यातील मोतीबिंदूशी नव्हे, हे ते सोयिस्करपणे वगळतात. दुसरे गृहस्थ १९९१च्या दक्षिण भारतातील पाहणीचा हवाला देतात, जीत अतिसाराचा असा संबंध सिद्ध झाला नाही. मान्य, पण तेथे प्रश्न अतिसाराचा होता, लू लागण्याचा, म्हणजे उष्माघाताचा, नव्हे, आणि खानदेशचा फैसला दक्षिणेतील कैफियतीवरून करणे मला पटत नाही.

हा फैसला इथल्या भिंगांवरूनच व्हावयास हवा, आणि एके काळी ती सहज मिळत. गावोगावच्या शाळांत आणि धर्मशाळांत नेत्रशिबिरे भरत, शल्यविशारद आवरणासह सबंध भिंग काढीत, आणि कंपाउंडरची मनधरणी केली की मिठाच्या पाण्यात ठेवलेले ते आम्हां रसायनाच्या अध्यापकांस मिळे. महाविद्यालयाच्या तराजूवर वजन, भट्टीत वाळवण, मग नत्राचे मापन, असा आमचा क्रम असे. शेतमजुरांची काही भिंगे सुपारीसारखी गर्द तपकिरी आणि तितकीच कठीण निघत. मूठभर नमुन्यांवर सिद्धान्त उभारता येत नाही म्हणून आम्ही ते छापले नाही. पुढे केल्मन यांची १९६७ची युक्ती, जीत भिंगाचा आतच भुगा करून शोषून घेतात, आमच्या जिल्ह्यांतही रुळली. रुग्णाचे त्यात कल्याण आहे. रिडली यांनी १९४९ साली बसविलेल्या कृत्रिम भिंगाची परंपरा लाखोंना दृष्टी देत आहे आणि तिच्याविरुद्ध माझी फिर्याद नाही. फिर्याद आहे ती आमच्या रसायनविभागांविरुद्ध. १९९० पासून जळगावास विद्यापीठ आहे, उपकरणे आमच्या स्वप्नातही नव्हती अशी आहेत, आणि विद्यार्थी मात्र तयार प्रकल्प विकत आणून त्यावर नाव घालतात.

सामग्री अद्याप सर्वस्वी नाहीशी झालेली नाही. लहान छेदाच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत, जी पिकलेल्या मोतीबिंदूसाठी आजही चालते, भिंगाचा गाभा अखंड बाहेर येतो आणि कचऱ्यात जातो. जळगाव-धुळ्याच्या नेत्रशल्यविशारदांस माझी विनंती आहे की, रुग्णाची संमती घेऊन, तो गाभा बाटलीत घालून गोठवून ठेवावा; चिठ्ठीवर रुग्णाचे नाव नको, वय, तालुका, व्यवसाय आणि कधी लू लागली होती काय एवढे लिहावे, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनविभागास निरोप धाडावा.